पळून जाणे आणि रजेवर जाणे

(देवरी, जिल्हा गोंदिया येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय दिसायला लहान आहे. लष्करातल्या एका जवानाची बायको बदलीच्या तयारीत आहे. सामान बांधते आहे. आणि सामान बांधता बांधता दुपारी तासभर, रात्री निजानीज झाल्यावर तासभर, ती प्रेमकथा वाचते, रहस्यकथा वाचते, हवेल्यांच्या आणि राजपुत्रांच्या गोष्टी वाचते. यावर समीक्षेने काय म्हणावे, एवढाच आमचा प्रश्न. समीक्षेकडे यासाठी एक तयार शब्द आहे: पलायनवाद. हा शब्द आम्हीही वर्गात पुष्कळ वर्षे ऐकला, वाचला, शिकवला. आज आपण त्याची जरा झडती घेऊ.

आधी बदली म्हणजे काय ते नीट पाहू, कारण वाचन कशाच्या मधोमध चालले आहे हे कळल्याशिवाय त्या वाचनाचा अर्थ लागत नाही. देवरी तालुक्यातून सैन्यात, निमलष्करी दलांत, राज्य राखीव दलात गेलेली पोरे आहेत. आपल्या गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आमगाव किंवा गोंदिया गाठायचे, नाहीतर राष्ट्रीय महामार्ग 53 वरून नागपूर किंवा रायपूरची बस धरायची. जवानाची पोस्टिंग साधारण दोन-तीन वर्षांची. त्यातली काही ठाणी अशी की तिथे कुटुंब नेता येते, काही अशी की नेता येत नाही. क्वार्टर मिळाले तर बायकामुले सोबत, नाही मिळाले तर ती सासरी. म्हणजे बाई दोन-तीन वर्षांनी एकदा तरी आख्खे घर उचलते. काळ्या लोखंडी पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचे नाव आणि नंबर. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. गॅस, बँक, आधारचा पत्ता. इथे मराठी माध्यमात चौथीत असलेले पोर तिथे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात बसणार. तिची स्वतःची डी.एड., बी.एड. असेल, एखाद्या शाळेत तासिका तत्त्वावर नोकरी असेल, तर ती सुटणार. पेटीवर तिचे नाव नसते, हेही लक्षात ठेवा.

आणि या गडबडीत ती वाचते. आमच्या माहितीतल्या एका मुलीने आम्हाला सांगितले, "सर, पेट्या भरून होत आल्या, आता जीव कुठे लावू? म्हणून वाचत बसते. सासूबाई म्हणतात, कामं पडली आहेत अन् ही मोबाईल घेऊन बसली." मोबाईल म्हणजे इथे पुस्तकच बरं का. 2014 साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'वर मराठीत क्रमशः चालणाऱ्या प्रेमकथा ढिगाने आहेत. 2017 पासून 'स्टोरीटेल'वर मराठी पुस्तके कानाने ऐकता येतात, म्हणजे भांडी कागदात गुंडाळत असतानाही. पूर्वीच्या बायका ग्रंथालयातून पुस्तक आणायच्या. पण ग्रंथालयाचे सभासदत्व एका गावाला बांधलेले असते, अनामत रक्कम असते, पुस्तक परत करावे लागते. बदलीवाल्या बाईला ते झेपत नाही. मोबाईल तिच्याबरोबर प्रवास करतो. पेटीत पुस्तकांना जागा नाही, पदराखाली मोबाईलला आहे.

आता समीक्षेकडे येऊ. पलायनवाद हा शब्द उच्चारला की एक निकाल आधीच लागलेला असतो. जो पळतो तो भित्रा. लष्कराच्या भाषेत तर पळणे हा गुन्हाच. म्हणजे ज्या घरातला पुरुष रणातून पळत नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो, त्याच घरातली बाई पुस्तकात पळते म्हणून आपण नाक मुरडतो. हा शब्द तिच्यावर जरा जास्तच जोरात बसतो.

या शब्दातली गफलत ज्याने नेमकी दाखवली तो माणूस स्वतः सैनिक होता. इंग्रज लेखक टॉल्किन. 1939 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्याने परीकथांवर एक व्याख्यान दिले, ते पुढे 1947 मध्ये छापले गेले. त्यात तो म्हणतो ते आमच्या शब्दांत असे: समीक्षक दोन गोष्टींची सरमिसळ करतात. कैदी तुरुंगातून सुटू पाहतो ती एक, आणि शिपाई रणातून पळतो ती दुसरी. कैद्याने घराचा विचार केला, भिंतीपलीकडच्या जगाबद्दल बोलला, तर त्याला भित्रा कोण म्हणेल? हे म्हणणारा माणूस 1916 साली सोमच्या लढाईत होता. खंदकातल्या तापाने आजारी पडून इंग्लंडला परत आला. आणि त्याची बायको, एडिथ? नवऱ्याची छावणी बदलेल तसे तीही बिऱ्हाड बदलत होती. भाड्याच्या खोल्या, सोबतीला एक चुलतबहीण, पुढे तान्हे मूल. 1917 मध्ये यॉर्कशायरमधल्या रूस नावाच्या गावाजवळ रानात ती त्याच्यासाठी नाचली. त्या क्षणातून त्याने पुढे लुथिएनची कथा रचली, मर्त्य माणसावर जीव लावणाऱ्या अमर कन्येची. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या कबरीवर तिच्या नावाखाली लुथिएन आणि त्याच्या नावाखाली बेरेन ही कथेतलीच नावे कोरलेली आहेत. जगातली एक फार मोठी अद्भुतकथा छावणीमागे फिरणाऱ्या एका बायकोच्या भाड्याच्या बिऱ्हाडाशेजारी सुचली, हे आपण विसरू नये.

टॉल्किनचा भेद आम्हाला मान्य आहे, पण पुरेसा वाटत नाही. जवानाची बायको कैदी नाही. तिला कैदी म्हणणे हा तिचा अपमान होईल. तिने हे आयुष्य पुष्कळदा समजून-उमजून पत्करलेले असते, त्याचा अभिमान बाळगलेला असतो. मग तिसरा शब्द शोधावा लागतो आणि तो लष्कराच्याच भाषेत आहे. रजा. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा असते, वर 30 दिवसांची नैमित्तिक रजा. का असते? तो थकतो म्हणून. सरकारला कळते की सतत पहाऱ्यावर उभा असलेला माणूस निकामी होतो. रजेवर गेलेल्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. पळालेला आणि रजेवरचा, दोघेही ठाण्यावर नसतात. बाहेरून पाहिले तर दोघे सारखेच. फरक एवढाच की रजेवरचा परत येतो, आणि परत येण्यासाठीच जातो.

बाईच्या कामाला रजेचा नियम नाही. ती सासूसासऱ्यांच्या पहाऱ्यावर असते, मुलांच्या असते, फोनच्या तर चोवीस तास असते. तिची रजा मंजूर करणारा अधिकारी कोणत्याच कार्यालयात बसत नाही. म्हणून ती स्वतःच स्वतःला तासाभराची रजा मंजूर करते. त्या तासाचे नाव पुस्तक.

हे नुसते आमचे सुचणे नाही. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1984 मध्ये 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिले. एका अमेरिकन शहरातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी त्या बसून बोलल्या. शहराचे खरे नाव त्यांनी दिले नाही, स्मिथटन असे टोपणनाव दिले. विद्यापीठात पुस्तकात काय लिहिले आहे याची चिकित्सा चालते. त्या बायका मात्र पुस्तकाइतकेच वाचनाच्या कृतीबद्दल बोलल्या. हातात पुस्तक धरले म्हणजे घराला सांगितले की आत्ता मी कोणाची आई नाही, कोणाची बायको नाही, हा वेळ माझा. आपल्याकडच्या सासूबाईंना हे बरोबर कळते. त्यांचा राग कथेवर नसतोच. त्यांनी ती वाचलेली नसते. त्यांचा राग त्या तासावर असतो.

आता आपल्या परंपरेकडे वळू. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला इथे थांबावेसे वाटते. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये कवींना आदर्श नगरातून बाहेर काढले, कारण काव्य भावनांना खतपाणी घालते अशी त्याची तक्रार. आपला भरतमुनी नेमका उलट बाजूने सुरू करतो. 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि मागतात काय, तर 'क्रीडनीयक'. म्हणजे खेळणे. डोळ्यांनी पाहता येईल, कानांनी ऐकता येईल असे खेळणे. आणि ब्रह्मदेव सांगतात की हे नाट्य दुःखाने पिडलेल्यांना, श्रमाने थकलेल्यांना, शोकात बुडालेल्यांना विश्रांती देईल. उपदेश त्यात आहे, पण विश्रांतीही आहे, आणि तिची लाज कोणी बाळगलेली नाही. पुढे मम्मटाने काव्याची प्रयोजने मोजली तेव्हा यश, पैसा, व्यवहारज्ञान, अनिष्टाचा नाश, गोड उपदेश हे सगळे सांगितले, पण वाचता क्षणी मिळणाऱ्या आनंदाला, 'सद्यःपरनिर्वृती'ला, मुकुटमणी ठरवले. म्हणजे रंजन ही आपल्या काव्यशास्त्रात पाहुणी नाही, घरची आहे.

अभिनवगुप्ताकडे तर आमच्या या बाईसाठी थेट उत्तर आहे. रसास्वादात येणारी सात विघ्ने तो सांगतो. त्यातले एक, प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला असणे. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला नाटकातला शोक चवीने घेता येत नाही, त्याचा स्वतःचाच शोक मध्ये येतो. यावर उपाय म्हणून गाणी, वाद्ये, सजवलेला मंडप, अशी मन ओढून घेणारी साधने तो सांगतो. आता बघा, अनेक जण आम्हाला विचारतात की या बायका सैनिकांच्या खऱ्या आयुष्यावरच्या कथा का वाचत नाहीत? त्यांना तर त्या जवळच्या वाटायला हव्यात! अहो, जवळच्या आहेत म्हणूनच. बदलीच्या आठवड्यात, नवऱ्याची पुढची पोस्टिंग सीमेवर लागणार की काय ही धाकधूक असताना, वीरपत्नीची सत्यकथा तिला वाचवत नाही. तिथे तिचे स्वतःचे भय मध्ये येते. तिला लांबची गोष्ट हवी असते. हवेली, राजपुत्र, खून आणि त्याचा छडा. अंतर जितके जास्त, तितके तिला स्वतःला बाजूला ठेवता येते. अद्भुताची गरज कुठून येते, हे वास्तववादी समीक्षेला कळले नाही, अभिनवगुप्ताला हजार वर्षांपूर्वी कळले होते.

आणि तुम्हा देवरीकरांना हे आम्ही कशाला सांगावे? आपली झाडीपट्टी आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. धान कापून झाले, दिवाळी झाली, की गावोगाव नाटके उभी राहतात. वडसा म्हणजे या कंपन्यांचे माहेरघर. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. लेकी-जावई बोलावले जातात, पाहुण्यांनी घरे भरतात. रडवणारा प्रसंग, लगेच विनोद, मग गाणे. 2023 मध्ये या रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी मान उंच केली. चार महिने चिखलात राबलेला शेतकरी रात्रभर नाटक पाहतो त्याला पळपुटा म्हणायची कोणाची छाती आहे? तो सकाळी मळणीला हजर असतो. मग जो न्याय झाडीपट्टीच्या मंडपाला, तोच मोबाईलच्या उजेडाला का नको? मंडपात माणूस गावासोबत रमतो, बाई एकटी रमते, एवढ्याने तिचे रमणे हलके होते का?

सरकारांनाही ही गोष्ट कळते, मात्र पुरुषांच्या बाबतीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी खिशात मावतील अशी आडवी पुस्तके छापली. 'आर्म्ड सर्व्हिसेस एडिशन्स'. 1943 ते 1947 या काळात तेराशेहून अधिक पुस्तके, सुमारे 12 कोटी प्रती, सैनिकांना फुकट. त्यात गंभीर पुस्तके होती, तशाच रहस्यकथा होत्या, घोडेस्वारांच्या साहसकथा होत्या. दारूगोळा, डबाबंद अन्न आणि गोष्टी, तिन्ही रसद म्हणून गेले. शिपायाने खंदकात रहस्यकथा वाचली तर तिचे नाव मनोधैर्य. त्याच्या बायकोने घरी वाचली तर तिचे नाव वेळेचा नास. हा भेद पुस्तकात नाही, आपल्या नजरेत आहे.

मराठी समीक्षेने या वाचनाला कसे वागवले तेही पाहू. आपली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चे नाव घेतले जाते, 1857 ची. त्यात नवऱ्यासोबत प्रवास करणारी एक बाई विधवांची दुःखे पाहते. म्हणजे सुरुवात झाली ती सामाजिक वास्तवापासून. पण पाठोपाठ 1861 ची 'मुक्तामाला' आली, 1868 ची 'मंजुघोषा' आली, आणि वाचक अद्भुताकडे धावला. साहित्याच्या इतिहासात बहुधा हे घसरण म्हणून सांगितले जाते, आणि मग हरिभाऊ आपटे येऊन गाडी रुळावर आणतात. आम्हाला हा हिशेब अपुरा वाटतो. दोन्ही प्रवाह पहिल्यापासून आहेत आणि दोन्हींची गरज वेगळी आहे. पुढे फडके-खांडेकरांचा कला आणि जीवन हा वाद झाला. ना. सी. फडके स्वतः तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक, आणि त्यांनी रंजनाची बाजू उघडपणे घेतली. म्हणून त्यांच्या वाट्याला वाचकांचे प्रेम आले आणि समीक्षकांचा संशय आला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावे घराघरांत गेली. गुरुनाथ नाईकांनीही तशीच संख्या गाठली. या पुस्तकांनी किती लोकांना वाचनाची सवय लावली हे सगळे कबूल करतात, पण त्यांच्यावर नीट समीक्षा किती झाली? कौतुक झाले, कानाडोळा झाला, समीक्षा फारशी झाली नाही.

आणि एक गंमत बघा. आपल्या भाषेत या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतात. हे नाव आले बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेवरून, जी एका पोपटाच्या तोंडून सुरू होते आणि ज्यात प्रेमिक जन्मजन्मांतरी भेटतात. संस्कृतात कादंबरी शब्दाचा एक अर्थ मद्य असाही आहे. ज्या भाषेने कादंबरीचे बारसेच नशा आणि जन्मांतरीच्या प्रेमकथेवरून केले, त्या भाषेने पलायनाला नावे ठेवावीत हे जरा मौजेचे आहे.

पण बाणाची कथा आम्ही दुसऱ्या कारणासाठी काढली. तिचा नायक चंद्रापीड हा दिग्विजयाला निघालेला राजपुत्र आहे. सैन्य मागे राहते, तो किन्नरांच्या जोडीमागे घोडा फेकत वाट चुकतो आणि अच्छोद सरोवरावर येतो. तिथे महाश्वेता बसलेली आहे, गेलेल्या प्रियकराची वाट पाहत, तपस्विनी होऊन. आणि ती आपली कथा स्वतःच्या तोंडाने या स्वारीवर निघालेल्या राजपुत्राला सांगते. पुढे वडिलांचे पत्र येते आणि चंद्रापीडाला कादंबरीला सोडून उज्जयिनीला परतावे लागते. म्हणजे हुकूम आला, निघाला. तुलनेसाठी आपल्या शेजारच्या रामटेकशी जोडलेले 'मेघदूत' घ्या. तिथेही विरह आहे, पण बोलतो तो दूर गेलेला यक्ष. मागे राहिलेली यक्षिणी त्याच्या कल्पनेतूनच दिसते. ती काय करत असेल, कशी वाळली असेल, हे सगळे तोच ठरवतो. महाश्वेतेला बाणाने स्वतःचा आवाज दिला. अद्भुतकथा असूनही इथे थांबलेल्या बाईचे मन अधिक खरे उतरले आहे. तेव्हा अद्भुत म्हणजे खोटे, ही समजूत सोडलेली बरी.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हे व्याख्यान नुसती वकिली होईल.

रॅडवेबाईंनीच एक अडचण दाखवली आहे. वाचनाने त्या बायकांना आराम मिळतो, पण ज्या व्यवस्थेने त्यांना थकवले ती तशीच राहते. किंबहुना तासभर आराम मिळतो म्हणून ती आणखी सहन केली जाते. हा आक्षेप गंभीर आहे. आमच्या जवानाच्या बायकोला तो तंतोतंत लागू पडतो. तिची सुटलेली नोकरी, दर बदलीला तुटणारे मुलांचे माध्यम, क्वार्टर मिळेपर्यंतची अधांतरी अवस्था, हे प्रश्न कोणत्याही प्रेमकथेने सुटत नाहीत. तिची पुस्तके पाहून घरच्यांनी आणि समाजाने म्हटले, "बघा, रमली आहे, तिला काही त्रास नाही," तर त्या पुस्तकांचा उपयोग तिचे तोंड बंद करायला झाला. याला आमचे उत्तर असे की तो दोष रजेचा नाही. जवानाला रजा दिली म्हणून त्याचे बूट फाटके ठेवायचे का? रजा हा एक हक्क, बूट हा दुसरा. एकाच्या बदल्यात दुसरा मागता येत नाही. 1966 पासून आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे 'आवा', जवानांच्या कुटुंबांसाठी काम करते आहे. तसे काम वाढले पाहिजे, राज्यांनीही बदलीवाल्या शिक्षिकांचा आणि नर्सेसचा वेगळा विचार केला पाहिजे. पण ते होईपर्यंत बाईने पुस्तक मिटून ठेवावे, ही मागणी कशाच्या आधारावर करणार? थकलेल्या माणसाला धड रागही येत नाही. रागालासुद्धा थोडी विश्रांती लागते.

दुसरा आक्षेप पुस्तकांवर आहे, आणि इथे मात्र समीक्षेने कडक व्हावे. सगळ्या रजा सारख्या नसतात. एक माणूस रजेवरून ताजा होऊन येतो, दुसरा कर्ज करून येतो. पुस्तकांचेही तसेच. आम्ही एक साधी कसोटी सुचवतो: पुस्तक मिटल्यावर तुमचे स्वतःचे घर तुम्हाला कसे दिसते? चांगली रंजक कथा वाचून उठले की घर तेच असते, आपण थोडे मोठे झालेलो असतो. वाईट कथा वाचून उठले की घर लहान झालेले असते, नवरा फिका दिसतो, स्वतःचा चेहरा नकोसा वाटतो. पहिली परत पाठवते. दुसरी परतीचे तिकीट फाडते.

या कसोटीवर आजच्या क्रमशः प्रेमकथांपैकी बऱ्याच नापास होतील असे आम्हाला वाटते. त्यांतला श्रीमंत, उर्मट नायक नायिकेला आधी छळतो आणि तो छळ म्हणजेच प्रेम होते असे शेवटी ठरते. हे अद्भुत नव्हे, ही थाप आहे. परी उडते हे वाचताना वाचकाला माहीत असते की आपण गोष्टीत आहोत. पण मनगट पिरगाळणारा माणूस मनाने हळवा असतो, हे वाचताना तसा पाट्याचा इशारा नसतो. अद्भुत जगाबद्दल कल्पना लढवते, थाप माणसाबद्दल खोटे सांगते. स्मिथटनच्या वाचक बायकांनाही हा फरक कळत होता. नायक क्रूर असलेल्या कथा त्या नापसंत करत, हळुवारपणा असलेल्या कथांना पसंती देत. म्हणजे वाचकाच्या आत एक समीक्षक बसलेलाच असतो. आमचे काम त्याला हाकलायचे नाही, त्याला शब्द द्यायचे.

रहस्यकथेला मात्र आम्ही बदलीच्या आठवड्यासाठी जास्त गुण देऊ. का, तर तिच्यात जग विस्कटते आणि पुन्हा लागते. वस्तू हरवते आणि सापडते. कोणता धागा कुठे होता ते शेवटी कळते. जिच्या घरातली प्रत्येक वस्तू आज खोक्यात आहे आणि कोणती वस्तू कुठे हे तिलाच आठवायचे आहे, तिला ही रचना धीर देते. हे पलायन नाही, उलट हा एक प्रकारचा सराव आहे. पसाऱ्यातून क्रम लावता येतो, हा विश्वास ती दोनशे पानांत एकदा पुन्हा मिळवते.

आणखी एक अपेक्षा, ही लेखकांकडून. आपल्या रंजक साहित्यात शूर कॅप्टन आहेत, गुप्तहेर आहेत, पण त्यांची बायको पेटी भरताना दिसत नाही. फार तर ती निरोप देताना दिसते. दर अडीच वर्षांनी नव्या स्वयंपाकघरात डबे लावणारी, परक्या भाषेतली शेजारीण जोडणारी, पोराला नव्या वर्गात नेऊन बसवणारी बाई ही एखाद्या रहस्यकथेची नायिका का असू नये? अनोळखी ठिकाणी माणसे ओळखणे हाच तिचा धंदा आहे. तिच्यासारखी गुप्तहेर दुसरी कोण? आमची इच्छा आहे की अशी कथा मराठीत यावी, आणि ती गंभीर होण्याच्या नादात कंटाळवाणी होऊ नये. या बाईला स्वतःचे आयुष्य पाहायला मिळावे आणि मजाही यावी, दोन्ही.

तेव्हा आमचा निष्कर्ष सरळ आहे. पलायनवाद हा शब्द वाचकासाठी वापरू नका. कोण कशातून, किती वेळासाठी बाहेर पडते आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही. शब्द वापरायचाच असेल तर पुस्तकासाठी वापरा, आणि तोही ते पुस्तक वाचून. घरात कोणी बाई तासभर वाचत बसली असेल तर तिला काय वाचतेस हे जरूर विचारा, कशाला वाचतेस हे विचारू नका. जमल्यास त्या तासात एक पेटी तुम्ही भरा. समीक्षा काही फक्त लिहूनच करायची नसते.

आता प्रश्न विचारा, विशेषतः मागे बसलेल्या भगिनींनी.